ऐकण्याची वर्गणी : धाराशिव जिल्ह्यातील श्रवणव्यवहार आणि पॉडकास्ट

इंटरनेटवर भागाभागांनी प्रसिद्ध होणारी आणि ऐकणाऱ्याच्या मोबाइलवर किंवा संगणकावर आपोआप येऊन पोहोचणारी ध्वनिमालिका म्हणजे पॉडकास्ट, एवढी व्याख्या व्यवहारापुरती पुरेशी आहे. परंतु ही मालिका ज्या मुलखात ऐकली जाते त्या मुलखात तिच्या आधी काय, कसे आणि कोणाच्या सोयीने ऐकले जात होते, हे पाहिल्याखेरीज तिने नेमके काय बदलले याचा उलगडा होत नाही. धाराशिव जिल्हा, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगा आहे. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ, आराध्यांचे मेळे आणि तेरच्या गोरोबाकाकांच्या नावाने चालणारी भजने-कीर्तने यांमुळे येथील ऐकण्याची परंपरा अतिशय संपन्न होती. मात्र नभोवाणीचे युग सुरू झाल्यावर हाच जिल्हा हैदराबाद, मुंबई, पुणे अशा दूरच्या केंद्रांच्या कडेला पडला आणि काय ऐकायचे, केव्हा ऐकायचे, किंबहुना ऐकू येणार की नाही, हे बाहेरून ठरू लागले. पॉडकास्टच्या मुळाशी असलेल्या तंत्राने हा निर्णय पुष्कळ अंशी ऐकणाऱ्याच्या हाती आणून दिला आणि म्हणूनच ते तंत्र कसे चालते, हे समजून घेणे या जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ तांत्रिक कुतूहलाची बाब राहत नाही.

नभोवाणीपूर्व काळातील ऐकण्याचे सर्वांत बांधेसूद रूप गोंधळात दिसते. लग्नकार्यानंतर किंवा नवस फेडताना घरी गोंधळ घालण्याची चाल मराठवाड्यातील अनेक कुळांत आजही पाळली जाते. गोंधळ्यांमध्ये कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद मानले जातात. पहिल्यांची निष्ठा तुळजाभवानीवर आणि दुसऱ्यांची माहूरच्या रेणुकेवर. धान्याचा चौक भरून त्यावर कलश मांडला जातो, दिवटी पेटवली जाते, गळ्यात कवड्यांची माळ घातलेला मुख्य गोंधळी, ज्याला नाईक म्हणतात, तो संबळ आणि तुणतुण्याच्या साथीवर ठिकठिकाणच्या दैवतांना त्यांच्या गावांच्या नावानिशी पाचारण करतो आणि त्यानंतर रात्र चढत जाते तसे आख्यान रंगते. आख्यान सांगताना एक साथीदार मध्येमध्ये प्रश्न विचारतो, शंका काढतो, हुंकार देतो आणि त्याच्या त्या प्रश्नांच्या आधाराने कथा पुढे सरकते. आजच्या पॉडकास्टमध्ये दोघांच्या बोलण्यातून विषय उलगडत नेण्याची जी रीत रूढ झाली आहे तिचे नाते या रचनेशी सहज जोडता येते. आख्यानाचा विस्तारही तासातासांचा असे आणि तो ऐकून घेणारा समाज गावोगाव होता. लांबलचक बोलणे लोक आता ऐकत नाहीत, अशी तक्रार अधूनमधून केली जाते, ती निदान या मुलखाच्या बाबतीत इतिहासाला धरून नाही.

या व्यवहारात सांगणारा आणि ऐकणारा एका मांडवाखाली असत, यजमानाचे आमंत्रण आणि गोंधळ्याची बिदागी हा दोहोंमधील करार असे, आणि कोणत्या घरचा गोंधळ कोणी घालायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असल्यामुळे ते नाते टिकाऊही होते. सांगितले ते त्या रात्रीपुरते हवेत विरे, ही त्याची मर्यादा. परंतु सांगणाऱ्याला बोलावण्याचा अधिकार ऐकणाऱ्याकडे होता, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

निजामी राजवटीत हा जिल्हा हैदराबाद संस्थानातील पाच मराठी जिल्ह्यांपैकी एक होता आणि उस्मानाबाद हे नाव सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून आले होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू, आणि साक्षरता अत्यल्प. अशा स्थितीत सामान्य माणसाचा मराठीशी असलेला संबंध मुख्यतः कानांवाटे टिकला, कारण पुस्तक आणि वर्तमानपत्र यांची धाव थोड्या घरांपुरती होती, तर कीर्तनकार आणि गोंधळी प्रत्येक गावात जात होते. याच संस्थानात १९३५ साली निजाम सरकारने हैदराबादचे एक लहानसे खासगी नभोवाणी केंद्र ताब्यात घेतले आणि ‘डेक्कन रेडिओ’ या नावाने पुढे ओळखल्या जाणाऱ्या संस्थानी नभोवाणीचा पाया घातला. ब्रिटिश हिंदुस्थानात मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते आणि १९३६ साली तेथील सरकारी नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले; हैदराबादची नभोवाणी मात्र या यंत्रणेबाहेर, निजामाच्या स्वतंत्र अधिकाराखाली होती. तिच्यावरून उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषांतही कार्यक्रम होत, औरंगाबादेस तिचे दुसरे केंद्रही होते, परंतु कोणत्या भाषेला किती वेळ द्यायचा आणि त्या वेळात काय बोलायचे हे दरबार ठरवी.

नभोवाणी ही सत्तेची वाणी असते याचा अनुभव या जिल्ह्याने १९४८ साली घेतला. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबादच्या रस्त्याने संस्थानात शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग त्याच्या ताब्यात आले. चार दिवसांनी, १७ सप्टेंबर रोजी, निजामाने शस्त्रे खाली ठेवत असल्याचे जाहीर केले ते याच नभोवाणीवरून. ज्या यंत्रणेने कालपर्यंत स्वतंत्र संस्थानाचा पुकारा केला होता तिनेच त्याचा शेवट सांगितला. तिच्यात एका टोकाला ध्वनिक्षेपक आणि दुसऱ्या टोकाला हजारो मूक कान होते, आणि त्या कानांकडून उलट काही येण्याची वाटच तंत्रात नव्हती. १९५० साली हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली, तेव्हा मालक बदलला, बोलण्याचा आशयही पालटला. ही एकमार्गी रचना मात्र तशीच राहिली.

या रचनेचे भौतिक कारणही सांगितले पाहिजे. त्या काळातील प्रक्षेपण मुख्यतः मध्यम लहरींवर होत असे. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या पृष्ठालगत काही अंतरापर्यंतच जातात. रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरावरून परावर्तित होऊन त्या शेकडो किलोमीटर दूर उतरतात, पण वाटेत त्यांची तीव्रता कमीजास्त होत राहते, त्यामुळे आवाज येतो, जातो, पुन्हा येतो. म्हणून मोठ्या केंद्रांपासून दूर असलेल्या परंडा-भूमसारख्या भागात ऐकण्याची वेळ आपोआप रात्रीची ठरे आणि एखाद्या कार्यक्रमातले ऐन मोक्याचे वाक्य खरखरीत बुडून जाई. त्यात नळ्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, रेडिओसंच महाग, त्यांना वीज किंवा जड बॅटरी लागे, आणि बहुतेक खेड्यांत वीज पोहोचलेली नव्हती. संच घेतला तरी त्यासाठी टपाल कचेरीत दरसाल शुल्क भरून परवाना घ्यावा लागे; १९३३ च्या कायद्यातून आलेली ही परवान्याची पद्धत घरगुती रेडिओसाठी १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती. ऐकण्यासाठी वर्गणी भरण्याची सवय अशा रीतीने सरकारनेच लावली, फक्त त्या वर्गणीच्या बदल्यात कार्यक्रम निवडण्याचा हक्क मिळत नव्हता.

असे असूनही आकाशवाणीने मराठी श्रवणसंस्कृतीला जे दिले ते मोठे आहे आणि पॉडकास्टच्या पूर्वेतिहासात त्यातील दोन गोष्टींना वेगळे स्थान द्यावे लागते. पहिली गीतरामायणाची. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि तेथील अधिकारी सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेली व सुधीर फडके यांनी संगीत दिलेली ही मालिका रामनवमीच्या दिवशी, १ एप्रिल १९५५ रोजी, सुरू झाली. आठवड्याला एक गीत, याप्रमाणे वर्षभरात ५६ गीते झाली. लोक पुढच्या गीताची आठवडाभर वाट पाहत, ठरलेल्या वेळी सर्व कामे बाजूला ठेवून रेडिओजवळ बसत, शब्द उतरवून घेत, आणि वेळ चुकली तर पुनःप्रसारणाखेरीज दुसरा उपाय नसे. नियमित अंतराने येणारे भाग, त्यांना जोडणारे एक सूत्र आणि पुढच्या भागाची ओढ, ही पॉडकास्टमालिकेची सर्व अंगे येथे हजर आहेत. नाही ती एकच गोष्ट : आलेला भाग स्वतःजवळ ठेवून आपल्या सवडीने ऐकण्याची सोय.

दुसरी गोष्ट त्यानंतर वर्षभराच्या आतली आहे, पण ती मराठी वाचकांच्या फारशा परिचयाची नाही. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रावरून रेडिओ ग्रामीण मंडळांचा एक प्रयोग झाला. मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये श्रोत्यांची मंडळे बनवण्यात आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम या मंडळांनी एकत्र बसून ऐकले, ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा केली आणि आपले प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे लेखी पाठवले, ज्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला आणि पॉल न्यूराथ यांनी लिहिलेला त्याचा अहवाल विकाससंज्ञापनाच्या अभ्यासात अजून उद्धृत होतो. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या शेतीविषयक व आरोग्यविषयक माहितीत मंडळे नसलेल्या गावांच्या तुलनेने लक्षणीय भर पडली, हा त्याचा निष्कर्ष होता. उस्मानाबाद जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्यामुळे या प्रयोगाबाहेर राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९५९ पासून ही योजना देशभर विस्तारली तरी पहिल्या प्रयोगातील बारीक देखरेख आणि नेटाने केलेला पत्रव्यवहार यांचा जोर पुढे ओसरला. ऐकणाऱ्याला उलट बोलता आले तर ऐकण्याचे मोल वाढते, हे ज्या प्रयोगाने मोजून दाखवले तो प्रयोग हद्दीच्या एका रेषेमुळे या जिल्ह्याला मिळू नये, ही इतिहासातील खेदाची बाब आहे.

साठच्या दशकापासून ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ पाराच्या कट्ट्यावरून शेताच्या बांधावर गेला. त्यानंतरचा मोठा बदल कॅसेटचा. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही छोटी फीत भारतात ऐंशीच्या दशकात स्वस्त झाली आणि देवीची गाणी, भारुडे, भीमगीते, कीर्तने यांच्या कॅसेटी यात्रा-जत्रांच्या ठिकाणी मांडून विकल्या जाऊ लागल्या. कॅसेटने दोन बंधने एकदम तोडली. ऐकण्याची वेळ ऐकणाऱ्याची झाली, आणि आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेत न बसणाऱ्या गायकालाही बाजार मिळाला. मात्र कॅसेट दुकानापर्यंत यावी लागे आणि तिची पुढची आवृत्ती निघाली हे कळण्याचा मार्ग पुन्हा दुकानातूनच जात असे. पुढे भ्रमणध्वनी आल्यावर तालुक्याच्या गावांतून मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने निघाली. थोडक्या पैशांत कार्ड भरून घेऊन आठवडाभर तेच ऐकण्याची रीत स्वस्त इंटरनेट येईपर्यंत सर्रास होती. या दुकानांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. प्रत्यक्षात नेटवर्कच्या भरवशावर न राहता ध्वनी आधी उतरवून घेण्याची आणि मग ऐकण्याची सवय ग्रामीण महाराष्ट्राला त्यांनीच लावली.

जिल्ह्याला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते एफएम पद्धतीचे स्थानिक केंद्र म्हणून. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे त्यांचा पल्ला मर्यादित राहतो आणि मध्ये आलेला डोंगर त्यांना अडवतो. बालाघाटच्या रांगा ज्या जिल्ह्यातून जातात त्या जिल्ह्यात ही अडचण नगण्य नव्हे. तरीही आपल्या बोलीतला, आपल्या बाजारपेठेची आणि पावसापाण्याची खबर देणारा आवाज स्थानिक केंद्राने दिला. मात्र ऐकवलेले टिकून राहत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर उद्ध्वस्त केला. त्यानंतर मदतकार्य, पुनर्वसन, नव्या घरांची बांधणी यांविषयी जे असंख्य अनुभव लोकांनी तोंडी सांगितले त्यांतील फार थोडे ध्वनिरूपात सार्वजनिक ठिकाणी सापडतात. प्रसारण हे क्षणाचे माध्यम होते. प्रसारित झालेली गोष्ट पुन्हा मागून घेण्याचा पत्ता श्रोत्याजवळ नसे.

पॉडकास्टने दिलेली मूळ वस्तू म्हणजे हाच पत्ता. त्याची जुळणी अमेरिकेत २००० सालाच्या अखेरीस झाली. संकेतस्थळावर नवे काही आले की ते वाचकाला आपोआप कळावे यासाठी ‘आरएसएस’ नावाची एक यादीपद्धत आधीच वापरात होती; अशा यादीला ‘फीड’ म्हणतात. अ‍ॅडम करी यांनी केलेल्या सूचनेवरून डेव्ह वायनर यांनी या यादीतील प्रत्येक नोंदीला एक ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली, तिला ‘एन्क्लोजर’, म्हणजे सोबत जोडलेली वस्तू, असे नाव दिले. २००३ साली ख्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती या मार्गाने प्रसृत झाल्या, १२ फेब्रुवारी २००४ च्या ‘गार्डियन’मध्ये बेन हॅमर्स्ली यांनी ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द प्रथम वापरला आणि २८ जून २००५ रोजी अ‍ॅपलने आपल्या आयट्यून्स या प्रणालीत पॉडकास्टची सूची समाविष्ट केल्यावर ही पद्धत सर्वतोमुखी झाली.

तिचे कार्य जवळून पाहिले तर ते आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. समजा, तेर येथील एखाद्या भजनी मंडळाने दर गुरुवारी अर्ध्या तासाचा एक भाग प्रसिद्ध करायचे ठरवले. ध्वनिमुद्रण करून त्याची एमपीथ्री फाइल बनवायची आणि ती इंटरनेटला सदैव जोडलेल्या एखाद्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवायची. ही जागा देणाऱ्या सेवेला होस्टिंग म्हणतात. त्याच ठिकाणी फीडची फाइल असते. ती केवळ मजकुराची फाइल असून तिच्या आरंभी मालिकेचे नाव, भाषा, वर्णन आणि मुखचित्राचा पत्ता असतो, आणि खाली प्रत्येक भागाची एकेक नोंद : भागाचे शीर्षक, दोन-चार ओळींचा सारांश, प्रसिद्धीची तारीख व वेळ, त्या भागाची कधीही न बदलणारी ओळखखूण आणि एन्क्लोजर. एन्क्लोजरमध्ये तीनच गोष्टी लिहिलेल्या असतात : ध्वनिफाइल कोठे आहे तिचा पत्ता, ती किती बाइटांची आहे आणि ती कोणत्या प्रकारची आहे. नवा भाग तयार झाला की यादीत एक नोंद वाढते. प्रसारकाचे काम तेथे संपते. तो कोणाकडे काही पाठवत नाही.

उरलेले काम ऐकणाऱ्याच्या मोबाइलमधील अ‍ॅप करते. वर्गणीदार होणे, ज्याला सबस्क्राइब किंवा फॉलो करणे म्हणतात, याचा तांत्रिक अर्थ फीडचा पत्ता या अ‍ॅपने आपल्या वहीत टिपून ठेवणे एवढाच आहे. त्यानंतर अ‍ॅप ठराविक वेळाने त्या पत्त्यावर जाऊन यादी वाचते, ओळखखुणा ताडून पाहते, आधी न पाहिलेली नोंद आढळली तर सूचना देते किंवा फाइल उतरवून घेते. वर्तमानपत्राच्या वर्गणीदाराचे नाव-गाव संपादकाच्या वहीत असते. येथे मालिकेचा पत्ता वर्गणीदाराच्या वहीत असतो, त्यामुळे प्रसारकाला आपले वर्गणीदार कोण आहेत हे नावानिशी ठाऊक नसते आणि वर्गणी थांबवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. फाइलीचा आकारही ग्रामीण श्रोत्याला परवडणारा असतो. बोलण्याच्या कार्यक्रमासाठी सेकंदाला ६४ किलोबिट हा वेग पुरेसा होतो आणि त्या वेगाने अर्ध्या तासाची फाइल सुमारे १४ मेगाबाइटची भरते. ती रात्री वायफायवर किंवा नेटवर्क चांगले असेल अशा ठिकाणी उतरवून घेतली की शेतात, एसटीत किंवा खोऱ्यात नेटवर्क नसतानाही खंड न पडता ऐकता येते. मध्यम लहरींची रात्र आणि एफएमचा डोंगर, दोन्ही अडचणी येथे बाद होतात.

प्रत्यक्ष वर्गणीदार होण्याची रीत अ‍ॅपगणिक थोडी वेगळी असली तरी टप्पे सारखेच आहेत. आयफोनमध्ये अ‍ॅपल पॉडकास्ट्स हे अ‍ॅप मुळातच असते. अँड्रॉइड मोबाइलवर अँटेनापॉड, पॉकेट कास्ट्स, स्पॉटिफाय यांसारखे एखादे अ‍ॅप घ्यावे लागते, आणि त्यांतील अँटेनापॉड हे विनामूल्य, मुक्त स्रोत आणि खाते न उघडता चालणारे असल्यामुळे नवख्या श्रोत्यासाठी विशेष सोयीचे आहे. शोधाच्या चौकटीत मालिकेचे नाव टाकायचे. मराठी मालिकांची नावे कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत नोंदलेली असल्याने एका लिपीत न सापडल्यास दुसऱ्या लिपीत शोधून पाहावे. मालिका सापडली की तिच्या पानावरील फॉलो किंवा सबस्क्राइबचे बटण दाबायचे, आणि मग त्या मालिकेच्या सेटिंगमध्ये नवे भाग आपोआप उतरवावेत की नाही, फक्त वायफायवर उतरवावेत काय, ऐकून झालेले भाग पुसावेत काय, हे ठरवायचे. मोबाइलमधील जागा आणि डेटा यांचा हिशेब या तीन निवडींवर अवलंबून असतो, म्हणून त्या डोळसपणे कराव्यात. सूचीत नसलेल्या मालिकेचा फीडचा पत्ता हाती असेल तर अँटेनापॉड, अ‍ॅपल पॉडकास्ट्स यांसारख्या अ‍ॅपमध्ये तो थेट चिकटवूनही वर्गणीदार होता येते. यासाठी पैसे पडत नाहीत. सबस्क्राइब म्हटले की पैसे द्यावे लागतील असा समज होऊ लागल्यामुळे अ‍ॅपलने २०२१ साली आपल्या बटणावर फॉलो हा शब्द आणला. सशुल्क मालिका असतात, परंतु त्या अपवादात्मक आहेत आणि त्यांत अनेकदा प्रत्येक वर्गणीदाराला स्वतंत्र, खासगी फीड दिले जाते.

मराठीत या माध्यमाचा प्रसार २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर वेगाने झाला. लंडनहून १९४२ ते १९५८ या काळात चाललेली बीबीसीची मराठी सेवा २०१७ साली डिजिटल रूपात पुन्हा सुरू झाली आणि तिच्या ‘गोष्ट दुनियेची’सारख्या मालिका पॉडकास्ट म्हणून उपलब्ध आहेत. ‘अ‍ॅग्रोवन’च्या पॉडकास्टमधून सोयाबीन, तूर, कापूस यांच्या बाजारभावांची खबर मिळते, आणि सोयाबीनवर ज्यांचे वर्षाचे गणित अवलंबून आहे अशा कळंब-वाशीकडील शेतकऱ्याला ती उपयोगाची आहे. मुलाखती आणि गप्पांच्या बहुसंख्य लोकप्रिय मराठी मालिका आता यूट्यूबवर चित्रफितीच्या रूपात पाहिल्या जातात. तेथील सबस्क्राइबचे बटण दिसायला सारखे असले तरी त्यामागील व्यवस्था वेगळी आहे. यूट्यूबवर वर्गणीदारांची वही कंपनीकडे असते, नवा भाग कोणाला आणि केव्हा दाखवायचा हे कंपनीची गणितपद्धती ठरवते, आणि अर्ध्या तासाची चित्रफीत ध्वनिफाइलच्या कित्येक पट डेटा खाते. एखादी मालिका एकाच अ‍ॅपपुरती राखूनही ठेवली जाते. प्रक्षेपकाच्या मालकाने ऐकणे ठरवावे, ही निजामी नभोवाणीपासूनची रचना अशा बंदिस्त मंचांमधून नव्या वेशात परत येते, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. गुगलने २०२४ साली आपले पॉडकास्टचे अ‍ॅप बंद केले तेव्हा ज्या श्रोत्यांनी आपल्या वर्गण्यांची यादी ‘ओपीएमएल’ या प्रकारच्या फाइलीत उतरवून घेतली त्यांना ती दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जशीच्या तशी भरता आली, कारण पत्ते फीडचे होते, गुगलचे नव्हते. ही यादी काढून ठेवण्याची सोय बहुतेक स्वतंत्र अ‍ॅपमध्ये आहे आणि वर्षातून एकदा तरी तिचा उपयोग करावा.

जिल्ह्यातून ऐकवण्यासारखे पुष्कळ आहे. येथे मराठवाडी मराठीबरोबर लमाण तांड्यांवरची गोरबोली आहे, दखनी आहे, उमरग्याच्या सीमाभागात कन्नड आहे. या बोलींचे लिखित साहित्य थोडे आणि बोललेले अफाट असल्यामुळे ध्वनी हेच त्यांचे स्वाभाविक प्रकाशन ठरते. महाराष्ट्रात याचा एक भक्कम आदर्शही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण केले, आणि २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने आवाज, संहिता आणि भाषांतरासह लोकांसाठी खुला केला. प्रत्येक ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गाव जपणे, ही त्या कामातील सर्वांत अनुकरणीय गोष्ट आहे, आणि फीडमधील सारांशाची जागा नेमकी याच नोंदीसाठी वापरता येते : गोंधळी कोण, कोणत्या गावचा, आख्यान कोणते, मुद्रण कोणत्या तारखेला, कोणाच्या घरी आणि कोणाच्या संमतीने झाले. त्यासाठी शांत खोली, एक साधा मोबाइल आणि कपड्याला टोचण्याचा छोटा माइक एवढ्या सामग्रीवर आरंभ होऊ शकतो. संबळाचा आवाज मात्र माइकला सोसत नाही, म्हणून गोंधळाच्या वेळी मोबाइल वादकापासून चार-पाच हात लांब आणि मुद्रणाची पातळी खाली ठेवावी लागते.

होस्टिंगचे शुल्क थकले की फाइली नाहीशा होतात आणि वर्गणीदारांच्या वह्यांत केवळ मृत पत्ते उरतात, हा या माध्यमातील मोठा धोका आहे. हौसेने सुरू झालेल्या अनेक मालिका अशाच बुडतात. त्यावर उपाय म्हणून मूळ मुद्रणाची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या संगणकात जमा करावी, आणि दुसरी १९९६ साली स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या ना-नफा संग्रहावर चढवावी. तेथे ध्वनिफाइल विनामूल्य ठेवता येते, तिला स्थिर पत्ता मिळतो, आणि हा पत्ता एन्क्लोजरमध्ये लिहिला की परंड्यातील श्रोत्याचे अ‍ॅप भाग तेथून उतरवून घेते.